टाळ्या वाजवू नयेत

हडपसर, पुणे
६ मार्च २००५

चि. प्रियू,

आशीर्वाद. शिकागोत अजून बर्फ आहे असं फोनवर म्हणालीस. इथे दुपारचा पंखा सुरू झाला. माझी तब्येत बरी आहे. तू ई-मेल करा म्हणतेस, पण मला कागदावरच जमतं.

बातमी अशी की बेटासाठीचा कार्यक्रम ठरला. १९ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, सदाशिव पेठेतल्या सभागृहात. आईची गाण्याची बाई राजनंदिनी गाणार आहे. पन्नाशीत आई तुझ्या वयाच्या मुलीकडे शिकायला जायची आणि तिला 'बाई' म्हणायची, त्याची आपण थट्टा करायचो. राजनंदिनी मानधन घेणार नाही. जमेल ते सगळं लिटल अंदमानला जाईल.

परवा तिकडून निताईचा फोन आला होता. त्सुनामीच्या दिवशी मला टेकडीवर ओढून नेणारा चहावाला, तोच. गाव अजून प्लास्टिकच्या कापडाखाली राहतं आहे आणि तिकडे मे महिन्यातच पाऊस लागतो. मोडक्या हिंदीत तो एवढंच म्हणाला, "दादा, पावसाआधी छपराला पत्रे." म्हणून हे चाललं आहे. मला कार्यक्रम करायची हौस नाही, तुला माहीत आहे. हौस आईची. रस्त्यात कुठे मांडव दिसला, पेटी ऐकू आली, की ही डोकावणारच. मी पिशव्या धरून बाहेर उभा.

सभागृहाचे व्यवस्थापक ज्ञानदेव म्हणून आहेत. त्यांना मी दारावर एक पाटी लावायला सांगितली: 'कार्यक्रमात टाळ्या वाजवू नयेत.' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, टाळ्या वाजवा म्हणून गयावया करणारे आयोजक रोज बघतो. आपण पहिलेच. बाहेरगावच्यांना वाटेल, पुणेकरांनी आता हेही बंद केलं." मी म्हणालो, तिकडे माणसं गेली आहेत, टाळ्या बऱ्या दिसत नाहीत. त्यांना ते पटलं. राजनंदिनीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "काका, वाहवा तरी चालेल ना?" मी म्हटलं, एकेकाने दिली तर चालेल.

बाकी ठीक. सोसायटीची खालची टाकी सकाळी भरून वाहायला लागली की मी गच्चीवर जाऊन उभा राहतो. खालच्या मजल्यावरचे बद्रीनाथ विचारतात, "काय हो, रोज पतंग उडवता की काय?" मी हसतो. उंचावर बरं वाटतं. तू कितव्या मजल्यावर राहतेस ते कधी विचारलंच नाही. कळव.

तिकिटं तू काढलीस म्हणून आई गेली, असं तू मागच्या फोनवर पुन्हा म्हणालीस. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आई-बापांना फिरायला पाठवलं, यात तुझं काय चुकलं? हा विषय काढू नकोस. आईचं कपाट मी उघडलेलं नाही. तू आल्यावर बघू.

तुझे
आई-बाबा


हडपसर, पुणे
२२ मार्च २००५

चि. प्रियू,

आशीर्वाद. रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, पत्राखाली आईचंही नाव का?" मी म्हणालो, लाइन नीट नाही. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली, मला कळतं, लाइन चांगली होती. कार्यक्रमाचंही धड सांगितलं नाही. आता सांगतो.

सभागृह भरलं. दारात पाटीपुढे एक आजोबा बायकोला म्हणत होते, "गाणं बेताचं आहे, आयोजकांनी आधीच कबूल केलंय." आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि आत जाऊन दाराशेजारची खुर्ची धरली.

दिवे मंद झाले. राजनंदिनीने पहिला राग संपवला आणि सगळं शांत झालं. पाटीचं सगळ्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं होतं, शांतता बरी पडेल. पण त्या सकाळी समुद्र आधी मागे गेला होता. पार लांब. होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या आणि तेव्हा अशीच शांतता होती. इतकी माणसं आणि आवाज कसलाच नाही. दर गाण्यानंतर तेच. राजनंदिनी फार छान गायली असं सगळे म्हणतात. मला काही ऐकल्याचं आठवत नाही. मी बाल्कनीचा जिना कुठे आहे ते बघत होतो.

शेवटी पत्र्यांबद्दल मला मंचावर बोलायचं होतं. चार वाक्यं पाठ केली होती. मी मधल्या वाटेत असताना भैरवी संपली आणि मागे कोणीतरी टाळी वाजवली. उशिरा आलेला असेल, पाटी वाचली नसेल. मग आणखी दोघा-चौघांनी. मग इतका वेळ हात आवरून बसलेल्या सगळ्यांनीच.

तो आवाज मागून आला. आधी तडतड, मग नुसती गर्जना. मी पळालो, प्रियू. लोकांच्या पायांवर पाय देत जिना गाठला आणि बाल्कनीत वर, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत, भिंत लागेपर्यंत चढलो. भिंतीला पाठ लावून खाली पाहिलं. हात होते. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, त्यांचे नुसते हात दिसत होते आणि आवाज त्या हातांचा होता. तो वर चढत नव्हता.

आता तुला जे सांगितलं नाही ते. आई तेव्हा कुठे होती असं तू विचारायचीस आणि मी म्हणायचो, किनाऱ्यावर. ती किनाऱ्यावर नव्हती. आम्ही दोघं निताईच्या टपरीत चहा घेत होतो. समुद्र असा मागे का गेला, याची सगळे चर्चा करत होते. तेवढ्यात नारळीच्या झाडांपलीकडून आवाज आला. आई म्हणाली, "अहो, तिकडे टाळ्या वाजतायत. नाताळचा कार्यक्रम असेल. आत्ता बघून येते." मलाही टाळ्याच वाटल्या. लाटेखाली झाडं मोडत होती. आईने पदर खोचला आणि निघाली. मी पिशवी धरून बसलो. निताईने माझी कॉलर धरून ओढलं तेव्हा ती वळणावर दिसत होती. पुढे ती सापडली नाही, ते तुला माहीत आहे.

हे तुला सांगायची भीती वाटत होती. यापुढे कुठेही टाळ्या पडल्या की तुलाही तेच ऐकू येईल, अशी भीती. पण तू तिकिटं धरून बसली आहेस. त्यापेक्षा हे खरं तुझ्याजवळ असू दे. आई घाबरलेली नव्हती. ती कार्यक्रमाला निघाली होती.

मी खाली आलो तेव्हा सभागृह रिकामं होत होतं. पत्र्यांचं राजनंदिनीनेच सांगून टाकलं होतं. ज्ञानदेव पाटी हातात घेऊन उभे होते. "घ्या आपली पाटी. शेवटी लोकांनी ऐकलं नाहीच. पुणेकर आहेत." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खुर्ची ओढून मला बसवलं आणि स्वतः माझ्याशेजारी बसून राहिले.

निताई म्हणतो, गाव आता टेकडीवर बांधणार. पत्रे चेन्नईहून बोटीने जातील. ते नीट उतरवून घ्यायला सोबत माणूस हवा. मी माझं नाव दिलं आहे. नाव देऊन घरी आलो आणि तेव्हापासून झोप नाही. तीन दिवस चहूकडे पाणी असेल आणि तिथे चढायला गच्ची नसेल. तरी जाईन.

बोट एप्रिलच्या मध्याला आहे. त्याआधी चार दिवस ये. आईचं कपाट उघडायचं आहे. एकट्याला मला ते जमणार नाही.

तुझे
बाबा