फॉर्ममधून पुसलेली धारणी

उत्पला,

तुहा नर्सच्या भरतीचा फॉर्म माह्या हातून गेला. तू दळण घेऊन गेल्यावर कपाशीवरची बोंडअळी पाहाले म्हणून म्या मोबाइलवर दुसरं पान उघडलं. परत आलो तं सगळं कोरं.

मग मीच भराले बसलो. चौकटीत बोट ठेवलं की तू आधी लिहिलेलं खाली दिसे, म्हणून निभलं. 'नेमणुकीचं गाव' इथं मात्र दोन नावं आली. काल माह्यासमोर तू दर्यापूर लिहिलं होतं. त्याच्या खाली धारणी होती.

मागच्या साली म्या म्हणलं होतं, धारणीच्या त्या जंगलात कोण जाते, अन् माह्या मायले कोण पाहीन? तू मायच्या गोळ्या काढाले उठली. मले वाटलं, पटलं तुले. चुकलो.

आता धारणी लिहिली हाय. आज शेवटची तारीख हाय, पण सबमिट तूच दाब. पान पुन्हा जाऊ नये म्हणून मोबाइल चार्जिंगले लावून घरीच ठेवला, मी वावरात हाओ.

मायची कोणती गोळी कोणत्या वेळी द्याची, तेवढं या चिठ्ठीच्या मागं लिहून ठेव.

धम्मदीप