अंगावरची भुकटी

पनवेल,
१२ जानेवारी २०२५

ती. आईंना,
धनेशचा पाया पडून नमस्कार.

थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? इकडे मनिषाचं शिवणकाम चालू आहे. रिया पुन्हा बालवाडीत जाऊ लागली. तुमच्या प्रितेशच्या होडीचं इंजिन दुरुस्त झाल्याचं कळलं. हे पत्र त्याच्याकडूनच वाचून घ्या, त्यानंही ऐकावं. फोनवर मी विषय बदलून मोकळा झालो असतो.

रियाच्या पोटदुखीचं कारण कळलं. तुमची सुकी मासळी नव्हे.

तिच्या वाढदिवसाला भरल्या घरात मी तुम्हाला बोललो, "तुमच्या बोंबलांनी माझी पोर आजारी पाडली." पाहुण्यांसमोर तुमची पिशवी कचऱ्यात ओतली. तुम्ही एवढंच म्हणालात, "जावयबापू, आदी पोरीला डाक्तरला दाखवा, मंग मना बोला." आणि न जेवता करंजाला परत गेलात.

तुम्ही गेल्यावरही रियाचं पोट दुखतच राहिलं. पोर फिकी पडली, जेवण टाकलं, पाठ असलेली गाणी विसरू लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोण काय काम करतं?"

मी म्हणालो, "कंपनीत आहे."

मनिषा म्हणाली, "तळोज्याला, बॅटरीच्या कारखान्यात."

बाईंनी लगेच रक्त तपासायला लावलं. रक्तात शिसं निघालं.

बॅटरीच्या जाळ्यांत आम्ही लेड ऑक्साईडचा लगदा भरतो. लेड ऑक्साईड म्हणजे शिशाचीच भुकटी, पिठासारखी बारीक. केसांत, कपड्यांत बसते. आंघोळ करून, कपडे बदलूनच घरी जायचं, हे कामावर लागलो तेव्हाच सांगितलं होतं. पण नळावर रांग असते, बस निघून जाते. मी तसाच यायचो. रिया दारातच गळ्यात पडायची, माझ्या शर्टावर तोंड घासायची.

आई, मला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. तुमच्यावर ओरडलो त्या दिवशीही मनात येऊन गेलं होतं, हे माझ्यामुळे तर नसेल? म्हणूनच आवाज चढवला.

औषधानं शिसं उतरतंय. डोक्यावर किती परिणाम झाला, ते मात्र ती मोठी होईल तेव्हाच कळेल, असं बाई म्हणाल्या. मनिषा माझ्याशी कामापुरतं बोलते. त्या दिवशीच्या पाहुण्यांच्या घरी जाऊन मी खरं काय ते सांगितलं. काशिरामकाका म्हणाले, "आमाला सांगतोस, नि तुझे सासूला अजून नाय सांगितलास?" म्हणून हे पत्र.

आता मी आंघोळ करूनच निघतो. काल घरी आलो तर रिया धावत दारापर्यंत आली आणि आपणहून थांबली. हात पाठीमागे घेऊन म्हणाली, "पप्पा, आंघोळ केली?" हो म्हटलं, तरी जवळ आली नाही.

पुढच्या रविवारी येतो. एकटाच. त्या दोघींना पुढे करून मागे लपणार नाही. दार उघडलं नाहीत तर आळीत उभा राहून हेच सगळ्यांना सांगेन.

जावई म्हणवून घ्यायला तोंड उरलेलं नाही, म्हणून नुसताच,
धनेश