बदली माणूस

१२ नोव्हेंबर १९६६, पनवेल

आलो बुवा एकदाचा! एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पण जागा झकास आहे. कौलारू बंगली, ओटीवर खाडीचा वारा आणि ताटात ताजे मासे. मालकीण सिप्पोराबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, निवृत्त नर्स, एकट्याच असतात. त्यांचा भाऊ डेव्हिड तोफखान्यात कॅप्टन आणि वैमानिकही. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत उडाला तो परतलाच नाही. त्याची पत्रं नि नकाशे इथं आहेत. त्याच्या दोस्तांना लष्कराच्या हवाई शाखेचा इतिहास लिहून हवाय, म्हणून पुण्याहून प्राध्यापक टिपणीस, म्हणजे अस्मादिक, बोलावले गेलेत. नाहीतर लिहिणार कोण? या लोकांना तोफ डागण्यापलीकडे काय येतं!

१४ नोव्हेंबर

इतिहास कसला, तमाशा आहे. विमानं हवाईदलाची, दुरुस्ती हवाईदलाची, उडवणार मात्र तोफखान्यातले साहेब. आयत्या बिळावर नागोबा! विमान तरी कसलं, ऑस्टर. सांगाड्यावर कापड ताणलं की झालं. त्यात एकट्यानं घिरट्या घालायच्या आणि आपले गोळे कुठे पडताहेत ते रेडिओवर खालच्यांना सांगायचं. डेव्हिडच्या पत्रांत एकच टिमकी सारखी वाजते: बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. वा रे शूर! हल्ली यांना देशी विमान मिळालंय, नाव 'कृषक'. निघालेत लढाईला आणि नाव शेतकऱ्याचं.

हेलिकॉप्टरचं प्रकरण सर्वांत सोपं. हवाईदलाकडे आहेत, यांच्याकडे एकही नाही, नुसते मागताहेत. दोन ओळींत आटपलं.

१७ नोव्हेंबर

ओटीवर विमानातली वैमानिकाची बैठक मांडलीय. बर्फ वितळल्यावर डेव्हिडचं मोडकं ऑस्टर सापडलं, माणूस नाही. दोस्तांनी ही बैठक बहिणीला आणून दिली. गुबगुबीत कातडं, कमरेचा पट्टासुद्धा शाबूत. पण बसायची सोय नाही! सिप्पोराबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घरकाम करणारी सखूबाईही आज म्हणाली, "नका बसू सायेब, तितं मानूस हाय." काय अडाणीपणा! बाईंचा नवस आहे म्हणे: भाऊ परतला की त्यांच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायचा. पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. अठरा वर्षं झाली, गूळ काही विरघळला नाही. मला हसू आवरेना.

जेवणाच्या खुर्चीवर लिहून पाठीचा कणा मोडला. दुपारी बाई बाजारात गेल्यावर बसलोच. गंमत म्हणून पट्टाही लावला. झकास!

१९ नोव्हेंबर

सखूबाईनं चहाडी केली. मला वाटलं बाई आकांडतांडव करतील. त्यांनी एवढंच विचारलं, पट्टा लावला होता का? हो म्हटलं. त्या रडल्या, मग हसल्या, मग सखूबाईला पोहे निवडायला बसवलं. म्हातारीला वेड लागलंय. अशा घरात मी इतिहास लिहितोय!

२० नोव्हेंबर

दिवसभर विमानाची घरघर. आभाळ कोरं. सखूबाईला ऐकू येत नाही म्हणे, बहिरी असेल.

कमरेवर पट्ट्याएवढा वळ उठलाय. पनवेलचे डास, दुसरं काय.

२२ नोव्हेंबर

गेलं खड्ड्यात पुस्तक! सकाळी पुण्याची एस.टी. धरली. गाडी जसजशी लांब गेली तसतसं कमरेभोवती काहीतरी आवळत गेलं. चौक गावापर्यंत श्वास बंद. उतरलो, पनवेलच्या दिशेनं चार पावलं टाकली, सैल झालं. पुण्याकडे वळलो, पुन्हा आवळलं.

परत आलोय. बाईंनी दारातच मऊ आवाजात विचारलं, जेवणार ना?

२३ नोव्हेंबर

मी, टिपणीस, त्या बाईच्या पाया पडलो! घरी बायको आहे म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, त्यालाही आई होती, वाट बघत गेली. त्याला सुटी मिळत नव्हती, कारण बदली माणूस नव्हता. मी तर तुम्हाला बसू नका म्हणाले होते.

आता बैठकीत पट्टा लावून बसलं तरच श्वास येतो. बाहेर— नाही.

२४ नोव्हेंबर, दुपार

मलिद्याचं ताट मांडलंय. माणसं जमली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आहेत नऊ. बाकीचे कधीच इस्रायलला गेले. मी ज्यू नाही, म्हणून चालत नाही त्यांना. प्रार्थना सांगणारे जुडाहमास्तर म्हणाले, दहाव्याशिवाय सुरुवात नाही. बरं झालं! अडलं यांचं घोडं. बाई म्हणतात, येतोय तो.

येतोय कसला? ऑस्टरला धावपट्टी लागते. अंगणात कुठे—

वारा. सरळ वरून खाली. माडांच्या झावळ्या खाली दबल्या, धूळ चहूकडे— असं हेलिकॉप्टरचं होतं, आणि ती नाहीत यांच्याकडे, मीच लिहिलंय— मास्तर पुटपुटले, एलियाहू वावटळीतून वर गेला, त्याला कुठे धावपट्टी लागली—

फाटकाशी कुणीतरी. बुटांना बर्फ. पनवेलमध्ये बर्फ!

बाईंनी त्याला कवटाळलं. दहा झाले. प्रार्थना सुरू. माझ्याकडे कुणी बघत नाही. ओरडतोय, कुणी—

पट्टा सुटत नाही.

ओटी खाली राहिली, बैठकही तिथंच, मी मात्र वर. कौलं. खाडी— चिमूटभर पनवेल—

पांढरं. सगळं पांढरं. बोटं वाकत— कानात कुणी विचारतंय, गोळा कुठे पडला? मला काय ठाऊक! मी प्राध्यापक— बदली कधी— कुणी सांगत नाही—

वही खाली टाकतो. सापडेल त्यानं— ओटीवर बैठक आहे, रिकामी. म्हातारीचं ऐकू नका. बसून तर बघा. झकास आहे. पट्टा मात्र ला—