खिळा इकडे, खिळा तिकडे

२ सप्टेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. जनतेच्या माणसाने स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे फक्त खरं लिहायचं.

निर्णय झाला. सरपंचपदासाठी उभा राहतोय. सगळी उमर या किनाऱ्यावर डांगडूट, म्हणजे ढोलकीच्या ठेक्यावरची नाचाची गाणी, गाण्यात गेली. लग्न म्हणू नका, सुंता म्हणू नका, कोळ्यांचा उत्सव म्हणू नका, एक स्टेज सोडलं नाही. डेनी गेलोरा हे नाव आजही लोकांच्या ओठांवर आहे. समुद्र गाव गिळत चाललाय आणि आपले सरपंच कस्मुरी, ज्यांना सगळे मानाने ‘पाक’ म्हणतात, नुसता बोर्ड लावून बसलेत, ‘येथे बांध होणार’. आता तो बोर्डसुद्धा पाण्याखाली गेला. अशा वेळी कलावंताने गप्प बसणं पाप आहे.

बायको मुर्तिनी सध्या सेमारंग शहरात लेकीकडे, एलोककडे आहे. हवापालटासाठी. जाताना शिलाई मशीन घेऊन गेली. हवापालटाला गेलेल्या माणसालाही काहीतरी विरंगुळा लागतोच.

निघताना म्हणाली, एलोकचे बाबा, स्वयंपाकघरात कोरड्या जमिनीवर पाय ठेवता येईल तेव्हा बोलवा, तोवर मी काही येत नाही. म्हणजे तिला बांध म्हणायचा होता. बायकांना मोठे प्रश्न स्वयंपाकघराच्या भाषेतच मांडता येतात.

५ सप्टेंबर

कॅम्पेनची पहिली मीटिंग. हजर: मी आणि साकिमान. साकिमान माझा जुना ढोलकीवाला, हल्ली खेकडे विकतो. आत येताना चौकटीला डोकं आपटलं. सगळ्यांचंच आपटतं. उधाणाचं पाणी घरात आलं की आमच्याकडे मातीचा भराव टाकून जमीन उंच करतात. जमीन वर येते, छप्पर आहे तिथेच राहतं.

साकिमान कपाळ चोळत म्हणाला, अजून एक भराव टाकलास तर पाहुण्यांना रांगत यावं लागेल. मी म्हटलं, हाच तर माझा मुद्दा! तो म्हणाला, मुद्दा तो नाहीये. बाहेरच्या खोलीत रिहर्सलला माणसं बसतात म्हणून तिथे चारदा भराव पडला, आणि वहिनी मागे घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून रांधत होती.

विषय भरकटत होता. मी मीटिंग कॅम्पेनवर आणली. साकिमान प्रचारप्रमुख झाला. अट एकच, खेकड्यांची होडी लागायच्या आत त्याला सोडायचं.

९ सप्टेंबर

दोन डंपर माती सांगितली. खास स्वयंपाकघरासाठी. मुर्तिनीला फोन करून कळवलं. तिने विचारलं, खरंच का? मी म्हटलं, नेत्याचा शब्द आहे. ती म्हणाली, नेत्याचा नको, तुमचा द्या.

दोन्ही एकच, मी म्हटलं. ती हसली नाही, पण फोनही ठेवला नाही. चांगली खूण आहे.

संकल्प: रोज सकाळी कोमट पाणी आणि मध. आवाज तापवणे. भाषणाचा सराव. तळलेलं बंद.

१० सप्टेंबर

मध संपलाय. तळलेली केळी खाल्ली, कार्यकर्त्यांचं मन मोडवत नाही.

१४ सप्टेंबर

चिठ्ठ्या टाकून नंबर ठरले. मला दोन! याला म्हणतात नशीब. डांग आणि डूट, आपला ठेकाच मुळी दोनाचा. घरी पोचेपर्यंत गाणं तयार होतं. चाल माझ्याच जुन्या हिट गाण्याची, ज्यावर अख्खा किनारा अंगठे हलवत नाचायचा. मतपत्रिकेवर आमच्याकडे शिक्का नसतो, खिळ्याने उमेदवाराच्या फोटोत भोक पाडतात. तेव्हा:

खिळा इकडे, खिळा तिकडे,
दोन नंबरला टोच टोच!

असं गाणं रोज सुचत नाही.

फोटोचा मात्र घोळ झाला. माइक हातात धरून गातानाचा फोटो दिला होता. समितीने माइक चालणार नाही म्हणून तो पुसून टाकला. आता मी तोंड वासून मूठ तोंडाजवळ धरलीय, जांभई देतोय असं दिसतं. मतपत्रिकेवर माझ्या डावीकडे कस्मुरी, उजवीकडे निक्माबाई, सगळ्यांच्या बू निक्मा. त्या बायकांच्या कुराणपठण मंडळाच्या प्रमुख. दोघं तोंड मिटून बसलेत. मधे मी. उठून दिसतो.

साकिमानची एक कुरबुर. म्हणाला, भोक एकच पाडायचं असतं. दोघांच्या चौकटींत भोकं पडली तर मत बाद. मी त्याला समजावलं, गाणं म्हणजे नियमावली नव्हे. शिवाय एका टोचेत ठेका बसत नाही. तो म्हणाला, ठेका मला नको शिकवू. मत्सर वाटतो कधीकधी जुन्या साथीदारांना.

मुर्तिनीला फोनवर गाऊन दाखवलं. दुसऱ्या ओळीला ती गुणगुणली, मी स्पष्ट ऐकलं. मग म्हणाली, अहो, दोनदा कशाला, एकदाच टोच म्हणा की. आमच्या ऑर्केस्ट्रात खंजिरी वाजवायची तेव्हाही हिला माझ्या ओळी छाटायची सवय होती.

२० सप्टेंबर

माती आली. दोन्ही डंपर दारात उभे. आणि नेमकी तेव्हाच बातमी, उद्याच्या सभेचं मैदान पाण्यात. डांगडूटला माणसं नाचली नाहीत तर ती सभा कसली, मयताला जमल्यासारखं वाटतं.

नेत्याला क्षणात निर्णय घ्यावे लागतात. माती मैदानावर टाकली. तात्पुरती. सभा झाली की खरवडून परत आणायची. आधी गाव, मग घर.

डंपरवाल्याने दोनदा विचारलं, नक्की का? साकिमानने एकदाच विचारलं, वहिनीला काय सांगशील? मी म्हटलं, सांगायचंय कशाला, मातीला काय पाय फुटलेत?

२१ सप्टेंबर

ऐतिहासिक सभा! सगळं गाव नाचलं. कस्मुरीचे सख्खे पुतणेसुद्धा. प्रत्येकाचं बोट खिळ्यासारखं ताठ, इकडे टोच, तिकडे टोच. म्हाताऱ्या बाया, कडेवरची पोरं, कोणी सुटलं नाही. बू निक्मा रस्त्याने चालल्या होत्या, त्यांचा पाय ठेक्यावर पडताना मी डोळ्यांनी पाहिला.

बांधाबद्दल भाषण सुरू केलं. दोन वाक्यं झाली आणि मागून ओरडा, पाक डेनी, बांध राहू दे, गाणं घ्या! लोकशाहीत लोकांचं ऐकावं लागतं. उरलेलं भाषण कडव्यांच्या मधल्या जागांत बसवलं. जागा तशा लहान होत्या.

माती: चिखल झाला. लोकांच्या चपलांना लागून घरोघरी गेली. एका अर्थी मी सगळ्या गावाच्या घरांत थोडा थोडा भराव टाकला.

२४ सप्टेंबर

निवडणूक समितीचे अध्यक्ष घरी आले. डोकं आपटलं, बसले. म्हणाले, पाक डेनी, हात जोडतो, ते गाणं थांबवा, लोक घोटाळा करतील. मी विचारलं, कस्मुरीने पाठवलं ना? ते म्हणाले, माझी बायको भाजी चिरताना दोनदा सुरी मारते हल्ली, मला कोणी पाठवायची गरज नाही.

मोठ्या मनाने तडजोड केली. तिसऱ्या कडव्यात ओळ घातली, ‘पण मतदानाला एकदाच टोच’. साकिमान म्हणाला, तिसऱ्या कडव्यापर्यंत कोण ऐकतं? पहिल्या धृपदालाच स्टेजवर चढतात. जनतेला इतकं कमी लेखू नये.

२७ सप्टेंबर

एलोकचा फोन. आई मतदानाला येतेय म्हणाली. येतेय! मतदानाच्या दिवशी सकाळच्या बसने. मग म्हणाली, बाबा, आई विचारतेय जमीन झाली का. झाली असेल तर ती सामान घेऊनच येईल.

मी म्हटलं, काम चालू आहे. हे खोटं नाही. काम या शब्दात बरंच काही येतं.

२८ सप्टेंबर

स्वयंपाकघरात पाणी गुडघ्याला. भाताचं पातेलं तरंगत दारापर्यंत आलं. डंपरवाल्याला फोन केला, तो म्हणाला, आता उधाण उतरेपर्यंत गाडी गावात येत नाही. किनाऱ्यावरून टोपलीने वाळू आणून टाकली. पुढच्या भरतीने ती परत नेली. फळ्या टाकल्या. दोन फळ्या बऱ्या आहेत, तिसरी पाय ठेवला की पळते. साकिमान आला, बघत उभा राहिला, आणि मग तोही टोपली घेऊन वाकला. दिवसभर ओढत होतो. संध्याकाळी पाणी होतं तिथेच होतं.

मला ती घरी हवीय. बांध, गाव, सरपंचकी, सगळं नंतर. या घरात एकट्याने जेवायला बसलं की घास उतरत नाही.

वरच्या ओळी थकव्यात लिहिल्या गेल्या. राजकीय भूमिका तीच आहे.

योजना: निवडून आलो की सरपंच म्हणून पहिला डंपर स्वयंपाकघरात. सरपंचाच्या बायकोला जमीन दाखवायची नाही, निकाल दाखवायचा. निकाल बघून ती थांबेल.

१ ऑक्टोबर, दुपार. मतदान

चोरून लिहितोय. आमच्याकडे मतदान संपेपर्यंत उमेदवारांना मांडवात खुर्चीवर बसवून ठेवतात, सजवून, लग्नातल्या नवरदेवासारखं. उठायचं नाही, बोलायचं नाही, हसलं तर चालतं. कोट घातलाय. घाम पाठीवरून खाली जातोय.

ती आली! निळा हिजाब, हातात रिकामी पिशवी. रांगेत उभी राहिली, माझ्याकडे बघून मान हलवली. किती दिवसांनी पाहिलं. वाळलीय. उठून जावंसं वाटलं, पण समितीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवला. मत देऊन, बोट शाईत बुडवून ती घराच्या वाटेला लागली. घराच्या! मी खुर्चीत.

आणखी एक. मतदानाच्या आडोशांमागे लोक माझं गाणं गुणगुणतायत. कागदाखाली लाकडी फळी असते, तिच्यावर खिळ्याचा आवाज येतोय. टक टक. टक टक. डोळ्यांत पाणी आलं. यालाच लोकप्रेम म्हणतात.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ

मोजणी झाली. एकेक मतपत्रिका उजेडाकडे धरतात, भोकातून उजेड दिसतो, अधिकारी ओरडतो ‘ग्राह्य’ आणि गर्दी गर्जना करते. पहिली पत्रिका धरली. उजेडाचे दोन ठिपके. एक माझ्या छातीत, एक कस्मुरीच्या कपाळात. बाद. दुसरी. एक माझ्या गळ्यात, एक बू निक्माच्या हिजाबात. बाद. तिसरी बाद. गर्दी आधी हसली. मग प्रत्येक ‘बाद’ला टोच टोच म्हणून गायला लागली. मग हळूहळू गायची थांबली. लोकांच्या लक्षात यायला लागलं, की त्यात आपलंही एक असणार. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, अगं बाई, मीच की हो.

कस्मुरी जिंकला. बाद मतं त्याच्या मतांहून जास्त निघाली. म्हणजे गाव माझ्याच बाजूने होतं. हे कोणी नाकारू शकत नाही. त्याचा उपयोगही कोणाला नाही.

माझी ग्राह्य मतं थोडी. पण त्यात एक असं होतं, की भोक बरोबर माझ्या वासलेल्या तोंडात. एकच, नेमकं, मधोमध. मी खुर्चीतून उठलो. या गावात मला बरोबर तोंडातच टोचणारं माणूस एकच आहे. अख्खी निवडणूक हरलो आणि मला आनंद झाला.

घरी धावत आलो. दार उघडं. ती नव्हती. बसची वेळ झाली असेल.

२ ऑक्टोबर

नैतिक विजय माझाच आहे. पुढच्या वेळी गाणं बदलू.

सकाळी मुर्तिनीला फोन केला. म्हटलं, तुझं मत ओळखलं मी. तोंडात टोचलंस ना?

ती म्हणाली, ते माझं नव्हतं हो. बसमध्ये बसल्यापासून स्वतःला बजावत होते, एकदाच, एकदाच. जमीन झालेली नाही हे मला ठाऊक होतं, साकिमानच्या बायकोने सांगितलं होतं. तरी आले. तुम्हालाच द्यायचं होतं. खिळा हातात घेतला आणि शेजारच्या आडोशात कोणीतरी गाणं धरलं. हात आपोआप गेला. एवढी वर्षं तुमच्या मागे खंजिरी वाजवली, एकावर थांबायची हाताला सवयच नाही. दुसरं भोक कस्मुरीच्या कपाळात पडलं.

हसत होती का रडत होती, फोनवर कळलं नाही.

मी विचारलं, घरी आली होतीस? आले होते म्हणाली. दार उघडंच होतं. फळीवरून गेले.

मी विचारलं, मग परत कधी येतेस? ती म्हणाली, एलोकचे बाबा, गाणं मात्र चांगलं झालंय. आणि फोन ठेवला.

आत जाऊन पाहिलं. मिरच्या वाटायचा तिचा दगडी खल जागेवर नाही. पडला असेल म्हणून पाण्यात चाचपडून पाहिलं. तिथेही नाही.