हात बसला

४ फेब्रुवारी २०२२
लायसन्स मिळालं. फोटोत चोरासारखा दिसतोय, पण कायदेशीर. संकल्प: वेग चाळीसच्या वर नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मोबाइल डिकीत. आईला दातांच्या डॉक्टरकडे सोडलं. वाटेत सायकलवरच्या एका आजोबांनी ओव्हरटेक केलं. आई म्हणाली, चालत गेले असते तर एव्हाना दात काढून झाला असता. लक्ष दिलं नाही. सुरक्षितता महत्त्वाची.

२० फेब्रुवारी
वळण्याआधी इंडिकेटर, आरसा, मान, पुन्हा आरसा. तोवर सिग्नल परत लाल. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. बहुधा कौतुक.

११ ऑगस्ट
हात बसला. आता एका हाताने चालवतो. दुसरा बिस्किटांसाठी. संकल्पात किरकोळ दुरुस्ती: चाळीस ही नवशिक्यांची मर्यादा. मोबाइल डिकीतून मांडीवर. अर्जंट काही आलं तर.

३ मार्च २०२३
घरी पत्र आलं. वेगमर्यादा मोडल्याचं. सोबत फोटो. फारच छान आलाय, केस मागे उडालेले. बाबांनी फोटो सोडून पत्रच दोनदा वाचलं. म्हणे, जरा सावकाश चालव. बाबा पंचवीस वर्षं गाडी चालवतायत, एकही पत्र नाही. म्हणजे पंचवीस वर्षांत प्रगती शून्य.

१९ जून, संध्याकाळी ६
रिव्हर्स घेताना सोसायटीच्या गेटचा खांब लागला. खांब चुकीच्या जागी आहे, हे सेक्रेटरींना शांतपणे समजावलं. ते म्हणाले, अठरा वर्षं तिथेच आहे. म्हणजे अठरा वर्षांची चूक.

८ जानेवारी २०२४
‘आलो’ एवढंच टाइप करत होतो. दोन अक्षरं. शाळेसमोर शेजारच्या सीटवरून आई ओरडली, “अरे, माणसं!”
झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई, हाताशी छोटी मुलगी. करकचून ब्रेक मारला. बॉनेट आणि मुलीचं दप्तर यांत वीतभर अंतर. बाई नुसती बघत राहिली.
निष्कर्ष: माझे रिफ्लेक्सेस उत्तम.
आई तिथेच उतरली आणि बसने घरी गेली. मला जेवण गेलं नाही. भाजी बिघडली असावी.

१५ जानेवारी
आई माझ्या गाडीत बसायला तयार नाही. स्वतःच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. वय त्रेपन्न. सहा दिवसांत कंटाळेल. मी तिला टिप्स देऊ केल्या. नको म्हणाली, फार पटकन.

२ मे
आई पास. पहिल्याच फटक्यात. परीक्षक मवाळ असावेत.

९ सप्टेंबर
तिसरं पत्र. सिग्नल तोडला म्हणे. मी मोबाइलमधून वर बघितलं तेव्हा तो लाल होताच, त्याआधीचं मला कसं माहीत असणार? लायसन्स रद्द. शिकाऊ लायसन्स काढून पुन्हा परीक्षा द्यायची. निव्वळ फॉर्मॅलिटी. तयारी करायची गरज नाही.

१४ ऑक्टोबर
परीक्षा. आत्मविश्वास दिसावा म्हणून एका हाताने सुरुवात केली. इंडिकेटर दिला, वळून झाल्यावर. परीक्षकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. किती वर्षं चालवताय, विचारलं. छाती काढून सांगितलं, अडीच वर्षांच्या वर.
“पहिल्या महिन्यात जे येत होतं, तेवढं आलं की परत या,” ते म्हणाले.
आईला पास करणारे हेच. मवाळ नाहीत.

१९ ऑक्टोबर
गाडीला मागे-पुढे लाल ‘एल’ लावला. शेजारी लायसन्सवालं माणूस हवं, असा नियम. बाबा कामावर. आईला विचारायला अर्धा तास लागला. ती चप्पल घालून आधीच दारात उभी होती.
शाळा यायच्या बऱ्याच आधी वेग कमी केला. शनिवार, क्रॉसिंगवर कोणीच नाही. तरी थांबलो. आईने दोन्ही बाजूंना बघून घेतलं. मग म्हणाली, चल आता.
परत आलो तेव्हा गेटवर नवीन वॉचमन होता. ‘एल’ बघून म्हणाला, शिकताय वाटतं?
हो म्हटलं.