टिल्लीचा डायनॅमो

३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
टिल्लीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मनगट आता ठणठणीत आहे, मशीनवर बसते आहे, शाळेच्या गणवेशांचा सगळा गठ्ठा कालच हातावेगळा केला. पत्राच्या शेवटी तू रागाच्या भरात एक वाक्य लिहिलं आहेस. दुकान बंद करून आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला यायचं नसेल, तर एकदा आपल्या बळावर इथवर येऊन दाखव, मग मी त्या खोलीचं नाव काढणार नाही. ताई, ते वाक्य मी कात्रीने कापून मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवलं आहे. आता शब्द फिरवायचा नाही हं.

आपल्या बळावर म्हणजे सायकलवर. समोरचे चित्रकलेचे मास्तर परगावी राहायला गेले, ते जाताना आपली लांब पल्ल्याची सायकल मला देऊन गेले. त्यांच्या घरचे सगळे पडदे मी शिवले होते, त्याची आठवण म्हणून. हिरवीगार आहे, मागे पिशव्या अडकवायला भक्कम कॅरिअर आणि अंगभर मास्तरांनी स्वतः काढलेली सोनेरी रेघ. रोज सकाळी नदीपर्यंत जाऊन येते. वाटेत एक मुक्काम केला तर तुमचं गाव मला जमण्यासारखं आहे.

अडचण बोगद्याची आहे. जुन्या रेल्वेचे रूळ काढून आता तिथून सायकली सोडतात, पण आत उजेड नाही. सायकलला पुढे आणि मागे पक्के बसवलेले दिवे असल्याशिवाय तिथला चौकीदार आत सोडत नाही. हातात विजेरी धरून चालेल का विचारलं, तर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाही म्हणाला. डोंगराला वळसा घालणारा घाट माझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही.

म्हणून बाजारातून डायनॅमो आणला, टायरला घासून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा. बरोबर पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि वायर. खोका उघडून बसले आहे आणि घोडं तिथेच अडलं आहे. दुकानातला माणूस बसवून देईल, पण वाटेत सैल झालं तर मला स्वतःला आवळता यायला हवं. भाऊजींनी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या, त्यांना विचारून कळव.

भाऊजींना नमस्कार. हवं तेवढं रागव, पण लोभ उसवू नकोस.

तुझी,
टिल्ली


९ फेब्रुवारी

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

बायकोने बहिणीशी पैज लावली आणि तीही सायकलची, हे कळल्यापासून यांची कळी अशी खुलली आहे की विचारू नकोस. दुकान बंद केल्यापासून हा माणूस एवढा बोलला नव्हता. पण पत्र लिहायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. म्हणून मला समोर बसवून सांगतात, आणि मी काही गाळलं तर नाही ना, हे परत वाचून घेतात. म्हणजे जो प्रवास मला मुळीच नको आहे, तो मीच माझ्या हाताने लिहून पाठवायचा. आपलेच दात नि आपलेच ओठ, दुसरं काय.

तर ऐक. डायनॅमोची चक्री टायरच्या कडेला टेकते, जिथे टायरवर बारीक रेघा असतात तिथे. काम नसेल तेव्हा ती टायरपासून बोटभर लांब राहिली पाहिजे. डायनॅमो तिरपा बसता कामा नये. त्याच्या मधोमध सरळ रेघ ओढली तर ती चाकाच्या बरोबर मध्यावर जायला हवी, नाहीतर तो टायर खातो आणि पायही भरून येतात. दोरा ताणून बघ म्हणतात. हँडलपाशी वायर ताणून बांधू नकोस, वळताना तुटेल. शिवणीत ठेवतेस तशी तिथे थोडी माया ठेव.

एवढं यांचं झालं, आता माझं. मनगट मोडलं त्या दिवशी शेजारणीने दार ठोठावेपर्यंत तू न्हाणीघरात पडून होतीस. हे माझ्या डोक्यातून जात नाही. तुला काही झालं तर मला ते उशिरा कळणार, या धास्तीने मला झोप लागत नाही ग. मागची खोली त्यासाठी आहे, तुला दुबळी ठरवायला नाही.

माझा लोभ काचत असेल, तरी अंगावरून काढू नकोस.

ताई


१६ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवे बसवले आणि एकही लागत नाही.

सांगितलंत तसं सगळं केलं. दोरा ताणला, खडूने खूण केली, चक्री टायरला अगदी बेतात टेकते. वायरीला काळ्या कापडाची नळी शिवली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ती फ्रेमला बांधत नेली, कुठे लोंबत नाही की हलत नाही. शेजारीण म्हणाली, सायकलला बाळंतविडाच शिवलास की. डायनॅमोला फ्रेमवर धरून ठेवणारी पकड आवळताना मास्तरांची सोनेरी रेघ खरवडू नये म्हणून पकडीखाली मखमलीची दुहेरी पट्टी घातली, कडा आत दुमडून. दोन्ही दिव्यांच्या खालीही तीच. एवढं नटवून चाक फिरवलं तर अंधार. जोरात फिरवलं तर जोरात अंधार. बल्ब बदलून पाहिला, तो बिचारा निर्दोष होता.

तुझी धास्ती मला कळते, ताई. मी दगड नाही. पण तुझ्याकडे आले तर मला सावली मिळेल, आयता चहा मिळेल, आणि मी कोण हे प्रत्येकाला तुलाच सांगावं लागेल. इथे बायका लांबून येतात, कारण माझ्या हातचा कपडा अंगावर बसतो. तिथे मी फक्त तुझी बहीण असेन. तुझी बहीण असायला मला आवडतं, पण तेवढंच उरायला नको वाटतं.

भाऊजींना विचार, माझं काय चुकलं. लोभाला मात्र अस्तर लावून ठेव.

टिल्ली


२१ फेब्रुवारी

चि. टिल्लीस अ. आ.

तुझं पत्र वाचून दाखवलं. मखमलीपाशी आले आणि हे असे हसत सुटले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग मला म्हणाले, लिही. वीज एका वायरीने दिव्याकडे जाते आणि परत येते ती सायकलच्या अंगातून, लोखंडातून. तुझ्या बहिणीने तिच्या वाटेवर मखमल अंथरली आहे, आणि विजेला मखमलीवरून चालता येत नाही.

तेव्हा पट्ट्या काढ. पकडीला एक टोकदार स्क्रू असेल, तो रंग फोडून आत लोखंडाला भिडेपर्यंत आवळ. दिव्यांच्या खालचा रंगही थोडा खरवडायला हवा. यांचं म्हणणं, रंगाला जपायचं असेल तर सायकल कपाटात ठेवावी. हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. का ते तुला लिहीत नाही.

नमस्कार पोचला. लोभ आहे, खरवडला तरी आहे.

ताई


२ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

लागला! स्क्रू आवळताना डोळे मिटून घेतले होते, हिरव्या रंगाचा कपचा पायाशी पडला तेव्हा जीव हळहळला. पण चाक फिरवलं आणि समोरच्या भिंतीवर असा गोल उजेड पडला की मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. मागचा लाल दिवाही लागला. भाऊजींना सांग, त्यांच्या विजेला आता पायघड्यांची गरज नाही.

पुढचं तुला सांगायचं नव्हतं, पण लपवलं तर तू दुसरीकडून ऐकशील. काल संध्याकाळी नदीच्या रस्त्याला दगडांवरून जाताना डायनॅमोची पकड सरकली, तो आत पुढच्या चाकाच्या तारांत गेला आणि चाक जागीच थांबलं. मी हँडलवरून पलीकडे. कोपर सोललं, बाकी हातपाय शाबूत. वेग नव्हता म्हणून निभावलं. तीन तारा वाकल्या होत्या, त्या बदलून आणल्या.

पुढच्या चाकावर का बसवला, असं भाऊजी विचारतीलच. तिथून दिवा जवळ, म्हणजे वायर कमी लागते. जन्मभर कापड वाचवत आले, जित्याची खोड.

मनगटाला काही झालेलं नाही, हे दोनदा वाच.

टिल्ली


७ मार्च

चि. टिल्लीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दात खाऊन देते आहे. बस झालं. पैज मी मागे घेते. मागच्या खोलीला चुना दिला आहे, खिडकीला नवी जाळी बसवली आहे. तुझी मशीन खिडकीपाशी मावते, मी मोजून पाहिलं. या वयात हँडलवरून पलीकडे जाणारी बहीण मला नको. तुला राग येऊ दे. जिवंत बहिणीचा राग मला चालेल.

यापुढे मी सायकलचं एक अक्षर लिहिणार नाही. यांना सांगितलं, हवं तर स्वतः लिहा. आणि काय सांगू, कागद घेऊन बसलेच.

ताई

टिल्ली, डायनॅमो मागच्या चाकाला बसवा. मागचं अडकलं तर सायकल घसरत थांबते, माणूस फेकला जात नाही. वायर लागू दे लांब. नटाखाली स्प्रिंगचा वॉशर, वर दुसरा नट. आवळून झालं की नट आणि पकड दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. प्रत्येक थांब्याला बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला. चूक तुमची नाही, कुठल्या चाकाला ते मी सांगायला हवं होतं. अक्षर वाईट आहे. तुमच्या ताईला भीती वाटते, मला नाही.
भाऊजी


१८ मार्च

ती. स्व. ताईस आणि भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पैज एकटीने मागे घेता येत नाही, ताई. अर्धी माझी आहे.

डायनॅमो मागे बसवला. नेलपॉलिश शेजारणीचं, भडक लाल. सगळा आठवडा मुद्दाम खडबडीत रस्त्याने फिरले, रेघ केसभरही हललेली नाही. सोमवारी सकाळी निघते, मंगळवारी दुपारनंतर बोगद्यात शिरेन.

तुझ्या धास्तीवरही एक टाका घातला आहे. दाराची दुसरी किल्ली शेजारणीकडे दिली. सकाळी भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला नाही तर ती विचारायला न थांबता दार उघडून येणार आणि तुला कळवणार. हे मी आधीच करायला हवं होतं, पण मला कुणी सांभाळावं हे मला सोसत नाही, तुला माहीत आहे.

खोलीला चुना दिलास हे वाचून रडू आलं. मशीन मावते का ते मोजणारी बहीण कुणाला मिळते? तरी मी येणार ती भेटायला. मला बोगद्यातून जाऊ दे.

लोभ धर, वाट अडवू नकोस.

टिल्ली


२ एप्रिल

चि. टिल्लीस अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड काल मिळालं. तू इथे होतीस तोवर मला हे बोलता आलं नाही. समोरासमोर आपण नुसत्या भांडतो, म्हणून लिहिते.

त्या मंगळवारी दुपारपासून आम्ही दोघं बोगद्याच्या या तोंडाशी येऊन उभे होतो. हे तुला कौतुक म्हणून सांगितलं, पण मी कौतुकाने गेले नव्हते. तू आलीच नाहीस तर तुला शोधायला आत शिरता यावं म्हणून गेले होते. बोगद्याला मधे चढ आहे, त्यामुळे पलीकडचं तोंड दिसत नाही. काळोखाकडे बघून बघून माझे डोळे दुखायला लागले.

मग चढाच्या माथ्यावर एक मिणमिणता ठिपका दिसला. मी यांना म्हटलं, किती बारीक आहे. हे म्हणाले, चढ आहे ना, चाक हळू फिरतं, म्हणून बारीक. आणि तेवढ्यात तो गेला. नुसता काळोख. माझी पाचावर धारण बसली. तुझं नाव घेऊन ओरडणार तोच यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, थांब, ती दम खाते आहे. पाय थांबले की दिवा थांबतो.

टिल्ली, तो वेळ मला न्हाणीघरातल्या त्या दिवसाएवढा मोठा वाटला. तू तिथे अंधारात एकटी उभी होतीस आणि मला तुझ्यासाठी काहीही करता येत नव्हतं. मग दिवा आपोआप लागला. आधी लालसर, मग पिवळा, आणि उतार लागल्यावर असा लख्ख की मला हात डोळ्यांवर धरावा लागला. कुणी येऊन लावून दिला नव्हता. तू पाय मारलेस आणि तो लागला. बाहेर आल्यावर माझे डोळे लाल का, असं तू विचारलंस आणि मी आतल्या धुळीवर ढकललं. धूळबीळ काही नव्हती.

मी हरले, आणि हरल्याचं मला बरं वाटतं आहे. भीती गेली नाही, ती जायची नाही, थोरलेपणाबरोबरच आली आहे. पण रात्री झोपताना आता न्हाणीघर दिसत नाही, माथ्यावर पुन्हा लागलेला दिवा दिसतो आणि डोळा लागतो.

खोलीचं नाव काढणार नाही असं कबूल केलं होतं. तरी एकदाच काढते. तिथे मशीनसाठी धरलेल्या जागी यांनी पाहुण्यांची खाट टाकली आहे. निघणाऱ्या माणसाला जा म्हणू नये म्हणतात, आणि मी तुला आजवर कधी म्हटलं नाही. आज लिहिते. वाटेल तेव्हा ये, हवं तितकं राहा, आणि मग आपल्या घरी जा.

तुझ्या लोभाची अजून भूक असलेली,
ताई