वाताच्या तेलाला लावलेलं घड्याळ

जवळा बाजार,
९ मे २००३

श्री. अमृतराव यांस भुजंगचा आदरपूर्वक नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? वहिनींचा दमा, दारची शेळी, वसमतचं ऊन या सगळ्यांची विचारपूस एकाच ओळीत केली असं समजावं, कारण आमच्या कारखान्यात हल्ली वेळ मोजून वापरतात. आपली बहीण (आणि माझी बायको) मनकर्णा सुखरूप पोचली असेलच. ती रागावून का आली हेही तिनं सांगितलं असेल. आता माझी बाजू ऐकावी.

आमचं वाताचं तेल आजोबांपासून एकाच कढईत शिजतं. यंदा वाटलं, औषधाच्या गोळ्यांच्या कंपन्या कुठल्या कुठे गेल्या, आपणही सुधारावं. म्हणून हिंगोलीच्या गोळ्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले धर्मसिंग साहेब बोलावले. ते गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आले आणि तीन दिवस आम्हाला मोजत राहिले (मी शिंकलो तेही लिहिलं). निष्कर्ष असा निघाला की मनकर्णा कढईजवळ पाटावर तीन तास नुसती बसते आणि शेवटी एकदा वास घेऊन "उतरवा" म्हणते. एका शब्दासाठी तीन तास! साहेबांनी तिच्या जागी गजराचं घड्याळ नेमलं आणि तिला रीतसर नोटीस काढली. चष्मा सापडेना म्हणून तिनं ती मलाच वाचायला लावली. मी खालचं "प्रत फाईलला" हेसुद्धा वाचलं. ती एवढंच म्हणाली, "तेल झालं का न्हाई ते तेल सांगतंय. बसा आता घड्याळासंगं," आणि वसमतच्या एस.टी.त जाऊन बसली.

घड्याळ वेळेवर वाजलं, तेल मात्र डिंकासारखं झालं. रुख्मिणीबाईंनी ते पाठीला चोळलं आणि जरा आडव्या झाल्या. त्यांना खाटेसकट दवाखान्यात न्यावं लागलं. प्रभू पाटलांचे दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटले, ते उड्या मारत तक्रार द्यायला आले (पाटील उड्या मारू लागले, हे साहेबांनी यशात धरलं).

शेवटी मी हिंगोलीला गेलो, साहेबांची ती कंपनीच बघायला. पांढरे कोट, टोप्या, मशीनमधून धो धो पडणाऱ्या गोळ्या. आणि मशीनशेजारी स्टुलावर जनकाबाई नावाची म्हातारी, डोळे मिटून बसलेली. विचारलं तर म्हणाली, "मशीन खोकलं की मी बटन दाबते. बावीस वर्सं झाली, हेच करून राहिले." साहेबांनी हिला कशी सोडली? मॅनेजरनं कागद काढून दाखवला. मोजणीत साहेबांनी तिला स्टुलाचा भाग धरलं होतं!

साहेबांना नारळ दिला आहे. बाकी सर्व उत्तम, कुणाची काही अडचण नाही.

आपला,
भुजंग

ता. क. : सोबत तेलाची बाटली आहे. मनकर्णेला नुसता वास द्यावा आणि काय चुकलं ते विचारावं. मी पाठवली असं सांगू नये.

ता. क. २ : ती ओळखेलच, तेव्हा सांगून टाकावं. पाटावर आता मी बसतो, पण वास कळत नाही. नाक चोंदलेलं असतं, आणि मला सर्दी नाही. बाजाराच्या दिवशी तिला आणून सोडाल का?

ता. क. ३ : तिचा चष्मा आज पाटाखाली सापडला, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला. हरवलेला चष्मा कुणी गुंडाळून ठेवत नाही. ती नोटीस मी वाचतो का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि मी वाचली हो, अमृतराव, शेवटपर्यंत वाचली.